'…यांचे राजकीय नेतृत्व : एक चिकित्सक अभ्यास'

महाराष्ट्रात इतिहास किंवा राज्यशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्यांच्या विषयांची यादी कधी सवडीने वाचून बघा. नावं बदलतात, साचा तोच. 'अमुक यांचे राजकीय नेतृत्व : एक अभ्यास'. 'तमुक यांचे सहकार क्षेत्रातील योगदान : एक चिकित्सक अभ्यास'. आत गेलात की पहिलं प्रकरण संशोधन पद्धतीचं, दुसरं जीवनपटाचं, मग सामाजिक कार्य, शैक्षणिक कार्य, राजकीय कार्य असे कप्पे आणि शेवटी निष्कर्ष. निष्कर्षात ते द्रष्टे होते. साडेतीनशे पानं चिकित्सा करून 'हे गृहस्थ काही द्रष्टे नव्हते बुवा' असं म्हणणारा प्रबंध निदान माझ्या पाहण्यात आलेला नाही.

यात विद्यार्थ्यांची चेष्टा करायची नाहीये. विषय असा का निवडला जातो ते उघड आहे. नेत्याच्या नावाने प्रतिष्ठान असतं, गौरवग्रंथ निघालेला असतो, भाषणांचे संग्रह छापलेले असतात, घरचे लोक मुलाखत द्यायला तयार असतात. मार्गदर्शक म्हणतात, 'साहित्य उपलब्ध आहे ना, मग घ्या.' तीन-चार वर्षांत पदवी हातात पडायला हवी, फेलोशिप कधी थांबेल सांगता येत नाही. अशा वेळी मंत्रालयातल्या धुळीत फाईल शोधत बसायला कोण सांगणार? पण होतं असं की, जे साहित्य सहज मिळतं ते नेत्याच्या माणसांनीच जमवलेलं असतं. त्यातून नेत्याला काय वाटत होतं हे कळतं, किंवा काय वाटत होतं असं लोकांना वाटावं ते कळतं. सरकार कसं चाललं ते कळत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की, विषय म्हणून नेता घेऊ नका, एक निर्णय घ्या. एक कायदा, एक योजना, एक कर. तो कुठे सुचला, कुणी अडवला, पैसे कुठून आले, कागदावर काय होतं आणि गावात काय पोचलं, हे शोधा. नेता त्यात आपोआप येतो, आणि जेवढा होता तेवढाच येतो.

रोजगार हमी योजनेचंच बघा, म्हणजे खेड्यात मागेल त्याला सरकारने काम देण्याची हमी. ती कुणाची? वि. स. पागे यांची, हे उत्तर शाळेतलं पोरही देईल, आणि ते खरंही आहे. पागे विधान परिषदेचे सभापती होते, 1960 ते 1978. तासगाव तालुक्यातल्या विसापुरात 1965 मध्ये हा प्रयोग पहिल्यांदा झाला. तेव्हा मुख्यमंत्री वसंतराव नाईक. 1972 मध्ये योजना राज्यासाठी जाहीर झाली आणि त्याच वर्षी तो भयंकर दुष्काळ पडला, त्यामुळे योजना बाजूला राहून दुष्काळी कामंच सुरू झाली. योजनेसाठी पैसा उभा करणारा व्यवसाय कराचा कायदा 1975 चा. तोवर शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले होते. हमीचा कायदा 1977 चा, वसंतदादांच्या काळातला. आणि तो प्रत्यक्ष अमलात आला 26 जानेवारी 1979 ला, म्हणजे शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात. चौदा वर्षं, चार मुख्यमंत्री, मध्ये एक आणीबाणी, एक पक्षफूट आणि एक सत्तांतर. या चौघांवर स्वतंत्र प्रबंध लिहिले, तर चारही प्रबंधांत 'कार्य' या प्रकरणाखाली रोजगार हमी येणार आणि चारही ठिकाणी ती एकाच माणसाच्या दूरदृष्टीचं फळ ठरणार.

खरा प्रश्न मात्र त्या चौदा वर्षांच्या मधल्या जागेत आहे. एवढ्या उलथापालथीत ही योजना मेली कशी नाही? सरकार बदललं की आधीच्याची योजना गुंडाळायची, हा आपला नेहमीचा रिवाज. इथे प्रत्येकाने ती एक पाऊल पुढे नेली. त्याचं उत्तर कुठल्याही एका नेत्याच्या चरित्रात सापडणार नाही.

थोडं मागे गेलात तर धागे दिसतात. 1876 ते 1878 च्या दुष्काळानंतर ब्रिटिशांनी आयोग नेमला, 1880 मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाल्या. काम मागायला येईल त्याला काम, कामाच्या मापावर मजुरी, हजेरीपट, कलेक्टरची जबाबदारी हे सगळं त्यात होतं. ते दयेपोटी आलेलं नव्हतं. 1877 मध्ये दुष्काळी खर्च आवरायला नेमलेल्या सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याच्या हिशेबाने मजुरी कापली तेव्हा मुंबई इलाख्यात दुष्काळी कामांवरचे हजारो लोक काम टाकून निघून गेले होते, आणि पुण्याची सार्वजनिक सभा ही लोकांची गाऱ्हाणी मांडणारी संस्था गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्जावर अर्ज करत होती. पुढे 1896-97 च्या दुष्काळात टिळकांच्या वर्चस्वाखालच्या याच सभेने खेड्यात माणसं पाठवून शेतकऱ्यांना सांगितलं, की संहितेत तुमचे हे हक्क लिहिलेले आहेत, ते मागा. सरकारने 1897 मध्ये सभेची मान्यताच काढून घेतली. सरकारी पुस्तकातलं कलम वाचून दाखवणं हा गुन्हा ठरला, याहून मोठी पावती कुठली!

1972-73 मध्ये हेच यंत्र पुन्हा फिरलं. मे 1973 मध्ये जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबांध, रस्ते. त्यात बायकांची संख्या मोठी. डाव्या पक्षांनी मजुरांचे मोर्चे काढले, शहरात महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्याच सुमारास, 1971 मध्ये, वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि त्यात ग्रामीण गरिबांसाठी सार्वजनिक कामांची मांडणी होती. म्हणजे पागे यांचा विचार, जुन्या संहितेची प्रशासकीय सवय, अर्थशास्त्रज्ञांचा युक्तिवाद आणि मोर्च्यांचा रेटा ही चार माणसं एका खोलीत येऊन बसली तेव्हा योजना झाली. यातल्या कुणाचं वजन किती, हा पीएच.डी.चा विषय आहे.

आणि पैसा. आमच्या इतिहासाच्या लोकांना पैशाचं का वावडं आहे, मला खरंच कळत नाही. व्यवसाय कर म्हणजे मुख्यतः शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापला जाणारा कर. जेवढा जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची. शहराने भरायचं आणि खेड्याला काम मिळायचं, असा हा व्यवहार. राज्यघटनेच्या कलम 276 मुळे या कराला वर्षाला 250 रुपयांची कमाल मर्यादा होती. ती 2,500 झाली 1988 च्या घटनादुरुस्तीने. मुंबई-पुण्याच्या आमदारांनी याला होकार का दिला? बागायतदारांनी स्वस्त मजूर हातातून जाईल या भीतीने विरोध केला का, की तलाव-बांधाचा फायदा आपल्याच रानाला होणार हे त्यांनी आधीच ओळखलं होतं? पगारदारांच्या संघटना काय म्हणाल्या? विधानसभा आणि परिषदेच्या कार्यवाहीचे छापील खंड आहेत. अर्थसंकल्पाची पुस्तकं आहेत, पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्ये मागितलेला जादा खर्च) आहेत, महालेखापालांचे अहवाल आहेत. विधिमंडळाची रोजगार हमी योजनेसाठी वेगळी समिती आहे, तिचे अहवाल आहेत. हे सगळं वाचायला कंटाळवाणं आहे, हे मान्य. पण पुरवणी मागणीवरच्या चर्चेत आमदार जेवढं खरं बोलतो तेवढं तो सत्काराच्या भाषणात बोलत नाही.

आत्मचरित्रांचं काय, असं कुणी विचारेल. वाचा, जरूर वाचा, पण त्यावर इमारत उभी करू नका. यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ' मराठीतलं उत्तम आत्मकथन आहे, पण ते 1946 पर्यंत येऊन थांबतं. महाराष्ट्र-गुजरातचं द्विभाषिक राज्य, महाराष्ट्राची स्थापना, जिल्हा परिषदा, संरक्षण खातं, म्हणजे धोरणाच्या अभ्यासकाला जे हवं ते सगळं त्याच्या नंतरचं. आणि जिथे नेत्याने सत्तेच्या काळाबद्दल लिहिलंय तिथे वेगळीच पंचाईत. 1962 च्या क्यूबा क्षेपणास्त्र पेचाचं उदाहरण यासाठी मला फार आवडतं. रशियाने क्यूबात क्षेपणास्त्रं ठेवली आणि अमेरिका-रशिया युद्धाच्या उंबरठ्यावर आले, तो हा पेच. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचे धाकटे बंधू रॉबर्ट केनेडी यांच्या मृत्यूनंतर 1969 मध्ये त्यांच्या आठवणी प्रसिद्ध झाल्या. त्यांत ते स्वतः शांततेच्या बाजूचे, संयमी असे दिसतात. पण अध्यक्ष केनेडी यांनी व्हाइट हाउसमधल्या बैठका गुपचूप ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्या टेप खुल्या झाल्यावर धाकटे बंधू पुस्तकातल्यापेक्षा बरेच आक्रमक बोलताना ऐकू आले. तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढून घेण्याचं रशियाला दिलेलं गुप्त आश्वासनही त्या पुस्तकातून नीट कळत नव्हतं. तो भाग आपण संपादन करताना गाळला, हे अध्यक्षांचे सल्लागार आणि त्या पुस्तकाचे संपादक थिओडोर सोरेन्सन यांनी कबूल केलं 1989 मध्ये. मधली वीस वर्षं जगभर 'कणखर नेता न झुकता जिंकला' या धड्यावर प्रबंध लिहिले गेले, आणि तो धडा गिरवून इतरत्र निर्णयही घेतले गेले असतील.

आपल्याकडे टेप नाहीत, टिप्पण्या आहेत. कक्ष अधिकाऱ्याने लिहिलेली टिप्पणी, त्यावर उपसचिवाचा शेरा, वित्त विभागाचा अभिप्राय (हा बहुधा नकारार्थीच), मग सचिव, मग मंत्री. ज्याला आपण नेतृत्व म्हणतो ते पुष्कळदा वित्त विभागाच्या नकारानंतर मंत्र्याने खाली काय लिहिलं, त्या दोन ओळींत असतं. ती नस्ती (फाईल) मिळाली तर दहा गौरवग्रंथ बाजूला ठेवावेत. पण मिळते कुठे? अभिलेखांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण होतं. 'अ' कायम जपायचा, 'ड' लवकर रद्दीत. कशाला 'अ' म्हणायचं ते ठरवताना पुढच्या इतिहासकाराचा विचार कोण करतो? त्यात 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली आणि किती विभागांचे कागद गेले. पेशवे दफ्तरातला अठराव्या शतकातला मोडी कागद पुण्यात बसून वाचता येतो, मुंबईच्या पुराभिलेखागारात कंपनीच्या काळातला पत्रव्यवहार मागवता येतो, पण 1970 च्या दशकातली नियोजन विभागाची फाईल म्हटली की चपला झिजतात. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम 8(3) आहे. वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती मागितली तर नकाराची बहुतेक कारणं गळून पडतात. मंत्रिमंडळाचे कागद मात्र त्या अपवादातून सुटलेले नाहीत. तरी खालच्या स्तरावरचं पुष्कळ मागता येतं. संशोधक विद्यार्थी हे कलम वापरताना फारसे दिसत नाहीत.

यावरून कुणी म्हणेल, की तुम्हाला नेत्यांचं महत्त्वच कमी करायचंय. उलट आहे. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहूंचा मागास वर्गांसाठी नोकरीतल्या 50 टक्के जागांचा हुकूम 26 जुलै 1902 चा. तो निघाला तेव्हा महाराज इंग्लंडात होते. आता विचार करा. राजा समुद्रापार, दरबारात आणि नोकरशाहीत ज्या वर्गाचं प्राबल्य त्यांच्याच विरोधात जाणारा हुकूम, आणि तो करवीर गॅझेटात छापून येतो. 1917 मध्ये सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, तेव्हा एवढ्याशा संस्थानाने त्याचा खर्च कसा भागवला? शिवाजी विद्यापीठाने शाहूंच्या कागदपत्रांचे खंड छापलेत, तिथे बसून हे तपासता येतं. हुकूम, नेमणुका, खर्च अशा क्रमाने गेलं की हा माणूस पुतळ्यापेक्षा मोठा दिसायला लागतो. कागदाने लहान होणारे नेते असतात तसे मोठे होणारेही असतात. तपासल्याशिवाय दोघांतला फरक कळायचा कसा?

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खुपते. योजना जन्मते तेव्हा फोटो असतात. ती कमजोर होते तेव्हा कुणी फोटो काढत नाही. 1988 मध्ये किमान वेतन जवळपास दुप्पट झालं आणि रोजगार हमीची मजुरीही तेवढी वाढली. त्यानंतर कामांवरची संख्या खाली आली. गरज संपली म्हणून नव्हे, तर मागेल त्याला काम ही गोष्ट व्यवहारात आखडती घेतली गेली, असं अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीवरून दाखवलं. कायदा तसाच, हमी तशीच, भाषणं तशीच. मग हा हात कुणी आखडला? तसा शासन निर्णय कुणी काढत नसतो. काम मंजूरच करायचं नाही, गावापासून लांब काढायचं, अर्ज घेऊन पोच द्यायची नाही, असे त्याचे रस्ते असतात आणि ते तहसीलच्या पातळीवर ठरतात. 2005 मध्ये देशाने आपल्याकडून ही योजना घेतली तेव्हा आपण छाती फुगवली, पण मधल्या सतरा वर्षांत महाराष्ट्रात तिचं काय झालं होतं यावर नेत्याच्या नावाचा एकही प्रबंध असणार नाही, कारण त्याचं श्रेय घ्यायला कोण पुढे येणार?

हा विषय एका तालुक्यापुरता घेतला तरी पुरे आहे. 1985 ते 1995, हजेरीपट जे उरले असतील ते, तहसीलचा पत्रव्यवहार, समितीचे अहवाल, आणि त्या कामांवर गेलेल्या बायकांच्या मुलाखती. 1972 ला विशीत असलेल्या बाया आज सत्तरीच्या पुढे आहेत, त्यामुळे हे काम पुढच्या दशकावर टाकता येणार नाही. कुणी घेणार असेल तर मेसेज करा. कार्यवाहीच्या खंडांतून मी काढलेली टिपणं आहेत, दांडेकर-रथांची जुनी प्रत आहे, ती नेऊन वाचून परत द्या. आणि मार्गदर्शक म्हणाले की यात नेता कोण, तर त्यांनाही माझ्याकडे पाठवा.