१२५ वरून १००: राग रास्त, पण कलम चुकलं

अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फच्या पीजीए टूरने २०२६ पासून वर्षभर खेळण्याचा पूर्ण हक्क (‘कार्ड’) क्रमवारीतल्या पहिल्या १२५ ऐवजी १०० जणांनाच द्यायचं ठरवलं. त्या पात्रता नियमांवरचा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, ‘बड्या खेळाडूंनी आपापल्या खुर्च्या पक्क्या केल्या, पंचवीस जणांच्या पोटावर पाय दिला आणि वर अंधार पडतो असं कारण पुढे केलं. क्यू-स्कूल (कार्डासाठीची पात्रता स्पर्धा) तर केव्हाच बंद झाली, आता नव्या पोरांनी शिरायचं कुठून?’ तुमचा राग समजू शकतो, पण तो भलत्याच कलमावर निघालाय. खरी कुऱ्हाड १०१ ते १२५ क्रमांकांवर पडलेली नाही. ती स्पर्धेच्या आठवड्यातल्या सोमवारी, कार्ड नसलेल्यांसाठी होणाऱ्या पात्रता फेरीवर पडली आहे, आणि तिचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेखही नाही.

आधी जागांचा हिशोब मांडू. जुन्या नियमात फेडेक्स कपचे (टूरच्या हंगामी गुणक्रमवारीतले) पहिले १२५, कॉर्न फेरी या दुसऱ्या फळीच्या टूरवरून ३०, युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरवरून १०, क्यू-स्कूलमधून ५ आणि बरोबरीत असलेले सगळे, शिवाय विद्यापीठ क्रमवारीतला पहिला एक. बेरीज किमान १७१. यात विजेतेपदामुळे सवलत मिळालेले, दुखापतीमुळे मुदतवाढ मिळालेले आणि प्रायोजकांचे पाहुणे धरलेलेच नाहीत. मोठ्यात मोठं फील्ड, म्हणजे एका स्पर्धेतले खेळाडू, १५६ चं. म्हणजे कार्डं जास्त आणि जागा कमी, हे उघड होतं. नवीन हिशोब १००, २०, १०, ५ आणि १, म्हणजे १३६. फील्डची कमाल मर्यादा १४४.

‘कार्ड तर मिळत होतं ना?’ असं तुम्ही म्हणाल. मिळत होतं, पण कार्ड म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. वर्षाच्या सुरुवातीला बहुतेक सगळ्यांनाच खेळायचं असतं. फील्ड भरतं ते प्राधान्यक्रमाने, आणि नव्या कार्डधारकांचा गट त्यात बराच खाली असतो. मग ठराविक स्पर्धांनंतर रीशफल होतो, म्हणजे त्या गटातल्या खेळाडूंचा क्रम त्या वर्षीच्या गुणांवरून नव्याने लावला जातो. सुरुवातीच्या आठवड्यांत जागाच मिळाली नाही तर गुण नाहीत, गुण नाहीत म्हणून रीशफलमध्ये आणखी खाली, आणि खाली गेल्यामुळे पुढच्या स्पर्धेतही जागा नाही. कॉर्न फेरीच्या यादीत एकविसावा ते तिसावा येणारा नेमका या चक्रात अडकायचा. त्यामुळे ३० चे २० केले याचं मला फारसं दुःख नाही. कागदावरची दहा कार्डं गेली, टी-टाइम (प्रत्यक्ष खेळायच्या जागा) त्या मानाने फार कमी गेले.

१०१ ते १२५ वाल्यांना ‘बाहेर काढलं’ असंही नाही. त्यांचा दर्जा आता कंडिशनल झालाय, वरचे लोक खेळले नाहीत की त्यांना जागा मिळते. शिवाय ही क्रमवारी ऑगस्टमधली धरत नाहीत. ऑगस्टमध्ये प्लेऑफ्सना, म्हणजे हंगामाच्या निर्णायक स्पर्धांना, ७० जण जातात. पुढे शरद ऋतूतल्या स्पर्धांत ५१ पासून खालचे सगळे गुण मिळवत राहतात, आणि शंभरची रेघ नोव्हेंबरमध्ये मारली जाते.

आता अंधाराचं. हे कारण खोटं आहे की खरं, ते कागद-पेन्सिल घेऊन तपासता येतं. १५६ खेळाडू म्हणजे तिघांचे ५२ गट. सकाळी २६, दुपारी २६. पहिल्या आणि दहाव्या होलच्या अशा दोन टींवरून (होल सुरू करायच्या जागांवरून) सुरुवात, म्हणजे सकाळी प्रत्येक टीवर १३ गट. दोन गटांत ११ मिनिटं धरली तर तेरावा गट २ तास १२ मिनिटांनी सुटतो. नऊ होल संपवून पहिला गट दोन्हींपैकी दुसऱ्या टीवर पोहोचतो तो साधारण सव्वादोन तासांनी. म्हणजे मधली मोकळीक दोन-चार मिनिटांची. एखादा चेंडू हरवला, एका ड्रॉपसाठी (चेंडू नियमानुसार नव्या जागी टाकण्यासाठी) रेफरी बोलवावा लागला, की टीवर रांग लागलीच. ती सुटेपर्यंत दुपारची तुकडी खोळंबते आणि शेवटचे गट अंधारात अडकतात. पहिली फेरी मग शुक्रवारी सकाळी पुरी करायची आणि कट (दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेल्यांना वगळणं) आणखी लांबवायचा.

१२० खेळाडूंत हेच गणित बघा. ४० गट, प्रत्येक टीवर १०, शेवटचा गट ९९ मिनिटांनी बाहेर. मोकळीक अर्ध्या तासाहून जास्त. म्हणून दिवस लहान असतात तेव्हा १२० किंवा १३२, आणि दिवस मोठे झाल्यावर १४४. यामुळे पटिंगच्या आधी चार वेळा खाली बसणारा खेळाडू काही वेगाने खेळू लागणार नाही, हेही खरं. गोल्फपटू लुकास ग्लोव्हरचा जाहीर आक्षेप याच धर्तीचा होता: फील्ड छाटण्यापेक्षा संथ खेळावर उपाय करा. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण रांगेत जाणारा वेळ आणि चेंडूवर उभं राहून घालवलेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फील्ड लहान केल्याने पहिला वाचतो, दुसरा नाही.

क्यू-स्कूलबद्दलची तुमची माहिती जुनी आहे. थेट कार्ड देणं २०१२ च्या १०८ होलच्या अंतिम टप्प्यानंतर थांबलं. त्यानंतर तिथून फक्त दुसऱ्या फळीच्या टूरवर जाता येई. २०२३ पासून पहिल्या पाचांना पुन्हा थेट कार्ड मिळू लागलं, अंतिम टप्पा आता ७२ होलचा. २०२५ पासूनचा बदल एवढाच की पाचव्या जागेसाठी बरोबरी झाली तर सगळ्यांना कार्ड नाही, प्लेऑफ (बरोबरी सोडवायची जादा होल) खेळून एकच निवडायचा. आणि ही पाच कार्डं नवख्यांसाठी राखीव नाहीत. २०२४ मध्ये पहिला आलेला लँटो ग्रिफिन २०१९ च्या ह्यूस्टन ओपनचा विजेता होता.

राहिली सोमवारची फेरी. १८ होल, मूठभर जागा, बरोबरी झाली तर लगेच प्लेऑफ. भारताचा अर्जुन अटवाल २०१० मध्ये कार्ड गमावून बसला होता. तो याच वाटेने विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये आला आणि जिंकून गेला. त्यानंतर असं करून दाखवलं ते थेट २०१९ मध्ये, कोरी कॉनर्सने टेक्सास ओपनमध्ये. पॅट्रिक रीडने २०१२ मध्ये सहा वेळा सोमवार पार केला आणि त्याच वर्षाअखेर क्यू-स्कूलमधून कार्ड घेतलं. नव्या नियमात १४४ च्या फील्डला सोमवारच्या चार जागा, १३२ ला दोन, आणि १२० ला एकही नाही. ज्याच्याकडे कार्ड नाही, ओळख नाही, त्याचे वर्षारंभीचे काही आठवडे यात सरळ गेले.

याचं समर्थन मला करता येत नाही, कारण इथे अंधाराचा मुद्दा लागूच पडत नाही. १२० मधल्या दोन जागा सोमवारला दिल्या तरी गट ४० च राहतात आणि शेवटचा गट ९९ मिनिटांनीच सुटतो. प्रायोजकांची दोन निमंत्रणं तेवढी कमी करावी लागतील.