मुलाखतीला काय घालावे? मनकवड्या उमेदवारांसाठी मार्गदर्शन

मुलाखतीचे बोलावणे आल्यावर पदवी, अनुभव, कामाची तयारी असल्या किरकोळ बाबींत वेळ न दवडता उमेदवाराने थेट कपाटासमोर जाऊन उभे राहावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे. गेल्या महिन्यात मी नेमके उलटे केले, म्हणजे चार रात्री जागून कामाची तयारी केली आणि कपड्यांचा विचार आदल्या संध्याकाळवर ढकलला. त्यातून जे ज्ञान पदरी पडले, ते आपल्या चरणी सादर करते.

सर्वप्रथम पत्रातील पोशाखाविषयीची ओळ वाचावी. तेथे बहुधा ‘स्मार्ट कॅज्युअल’ असे दोन शब्द असतात. त्यांचा अर्थ असा की आपण नटण्यासाठी पुष्कळ खटपट केलेली असावी, पण ती कोणाच्या लक्षात येऊ नये. ऑफिसातल्या सैलसर पोशाखाची टूम निघाली तेव्हाही तिचा अर्थ कोणाला धड कळत नव्हता. १९९२ मध्ये लीव्हाय स्ट्रॉस या जीन्स बनवणाऱ्या कंपनीने अमेरिकेतील मनुष्यबळ अधिकाऱ्यांना त्याबद्दल एक मार्गदर्शक पुस्तिकाच धाडली, आणि कापड विकणाऱ्याने सांगितलेला अर्थ अर्थातच कापडाच्या सोयीचा होता. तरी त्या अधिकाऱ्यांना निदान पुस्तिका मिळाली. आपल्याला दोन शब्दांवर भागवायचे आहे.

रंग गडद निळा किंवा राखाडी असावा. कारण विचारू नये.

बूट नवे कोरे असावेत आणि ते त्याच दिवशी पहिल्यांदा घालावेत, म्हणजे पगाराचा विषय निघेपर्यंत टाचेवर फोड आलेला असतो आणि चेहऱ्यावर हवा तो गंभीरपणा आपोआप उमटतो.

नव्या कोटाच्या मागच्या फटीवर फुलीसारखे कच्चे टाके घातलेले असतात, ते कापायचे असतात. न कापल्यास कोट याच कामासाठी घेतला हे सर्वांना कळते आणि आपली निकड सिद्ध होते.

व्हिडिओवरील मुलाखतीला अगदी बारीक रेघांचा शर्ट घालावा. कॅमेऱ्याला त्या रेघा झेपत नाहीत, पडद्यावर लाटा उसळू लागतात, आणि समोरच्या कंटाळलेल्या मंडळींना पाहायला काहीतरी मिळते.

उमेदवार स्त्री असल्यास तिने उंच टाचा घालाव्यात, घालू नयेत, मेकअप करावा, केलेला दिसू नये. २०१५ मध्ये लंडनला एका स्वागतिकेला सपाट बूट घातले म्हणून कामाच्या पहिल्याच दिवशी घरी पाठवण्यात आले. त्यावर तिने दीड लाखांच्या आसपास सह्या जमवल्या आणि प्रकरण ब्रिटिश संसदेतील चर्चेपर्यंत पोहोचले. एवढा खटाटोप करण्यापेक्षा पिशवीत दुसरा जोड ठेवणे सोपे, असे सुचवणारे शहाणे मला भेटले आहेत.

शंका असल्यास आधी विचारून घ्यावे, असेही सांगतात. मी विचारले. ‘ज्यात तुम्हाला तुम्ही असल्यासारखे वाटेल, ते घाला,’ असे उत्तर आले. मला मी असल्यासारखे जे कपडे वाटतात त्यांचे गुडघे विटलेले आहेत, म्हणून मी निळा ब्लेझर घातला. दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी पोहोचले, पन्नास मिनिटे बाहेर बसले, आणि आत गेले तर टेबलापलीकडे तीन गृहस्थ: दोघे चुरगळलेल्या टी-शर्टमध्ये, तिसरा हूडी घालून लॅपटॉपवर माझा बायोडेटा पहिल्यांदाच उघडत असलेला. पहिला प्रश्न माझ्या कामाविषयी नव्हता. ‘इथून पुढे कोणाच्या लग्नाला वगैरे जायचंय का?’ असा होता. तिघेही हसले, आणि नोकरी हवी असल्यामुळे मीही हसले, याचा राग मला अजून येतो. नंतर मी शेवटची नोकरी कुठे केली ते विचारण्यात आले, जे बायोडेटाच्या पहिल्या ओळीत लिहिलेले आहे. आठवड्याने फोन आला की काम उत्तम आहे, पण ‘कल्चर फिट’ वाटत नाही, म्हणजे त्यांच्या वातावरणात मी बसत नाही.

पुरे झाला हा उपदेश. उमेदवारांना सांगण्यासारखे माझ्याकडे काही नाही. बोलायचे आहे ते टेबलाच्या पलीकडे बसणाऱ्यांशी. माणूस दारातून आत आला की मला कळतो, अशी फुशारकी तुम्ही मारता. लष्करी अधिकारी ज्या सैनिकाच्या शरीरयष्टीला चांगले गुण देत, त्यालाच बुद्धीचे आणि चारित्र्याचेही जास्त देत, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. तुम्हाला जे कळते ते एवढेच, आणि त्याला तुम्ही पारख म्हणता. तुमच्याकडे पोशाखाचा नियम नाही, असे अभिमानाने सांगता आणि न सांगितलेला नियम मोडला म्हणून माणसाला परत पाठवता. ज्याच्याकडे एकच बरा जोड आहे आणि तोही उसना, त्याला तुम्ही कोडी घालता. ‘साधा शर्ट आणि पँट पुरे, कोट नको, आम्ही टी-शर्टमध्ये असू,’ एवढी ओळ पत्रात लिहायला अर्धे मिनिट लागते. मी बाहेर पन्नास मिनिटे बसले होते.