प्रकटीकरण धाक दाखवण्यासाठी लिहिलेले नाही

‘प्रकटीकरण’ हे बायबलमधील शेवटचे पुस्तक भाविकांना धाक दाखवण्यासाठी लिहिले गेले, तेव्हा सामान्य वाचकाने ते मिटूनच ठेवावे, हे लेखातील विधान मला अजिबात पटले नाही. त्याचा लेखक योहान याने ज्या 7 ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिले, त्यांपैकी स्मुर्णा येथील लोक आधीच दारिद्र्याने आणि छळाने गांजलेले होते; त्यांना आणखी घाबरवून काय साधणार होते? पाचव्या अध्यायात घोषणा होते सिंहाची आणि राजासनाजवळ दिसतो तो वधलेला कोकरा, म्हणजेच ख्रिस्त, हे वाचताना आजही माझ्या अंगावर शहारा येतो, पण तो भीतीचा नसतो.

इथे पुण्यात वडिलांच्या दफनविधीत पाळकसाहेबांनी एकविसावा अध्याय वाचला. देव स्वतः डोळ्यांतील अश्रू पुसून टाकील, हे शब्द येताच तोवर दगडासारखी उभी असलेली आई माझे मनगट घट्ट धरून प्रथमच मोकळेपणाने रडली. त्यानंतर तिने ते पुस्तक माझ्याकडून पहिल्यापासून वाचून घेतले, श्वापदे, कर्णे आणि क्रोधाच्या वाट्यांसह. ती प्रकरणे उग्र आहेतच. परंतु अन्यायाचा हिशेब कधीतरी होणार, याचा सर्वाधिक दिलासा ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच मिळतो, आणि या बाजूचा विचार लेखात व्हायला हवा होता.