ओपन फाईलचा कायमचा बंदोबस्त

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवून घ्या, तुमच्या ढोल पथकाचा लोगो रेघांचा बनलेला असणं अजिबात चांगलं नाहीये. कोरल ड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या मूळ फाईलमध्ये, जिला सगळे ओपन फाईल म्हणतात, चित्र असं नसतंच मुळात, नुसत्या सूचना असतात, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, इथे एवढं वळण घे, आत भगवा भर. आकाराचं काही बंधनच नाही. म्हणजे तोच लोगो पावती पुस्तकाच्या कोपऱ्यात अर्ध्या इंचात बसतो आणि तोच टिळक रोडवरच्या वीस फुटी फ्लेक्सवर चढतो आणि दोन्हीकडे धार तशीच्या तशी. एवढी मोकळीक बरी नाही. आज लोगो मोठा होतोय, उद्या कुणीतरी त्यातला रंग बदलेल, परवा पथकातनं फुटून निघालेली पोरं त्यातला ढोल तेवढा उचलून स्वतःचं पथक काढतील, आणि पुण्यात पथकं फुटायला काय लागतं तुम्हाला माहितीच आहे.

तर या फाईलचं बिटमॅप करायचं. म्हणजे सगळ्या रेघा, वळणं पुसून त्या जागी रंगीत ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची, चौकट मांडायची, ठिपक्याला आपण कुठल्या ढोलाचा की कुठल्या अक्षराचा हे काही माहिती नसतं त्यामुळे भांडणाचा प्रश्नच मिटला. आणि याला परंपरा आहे बरं का. या वळणांना बेझिए कर्व्ह म्हणतात, फ्रान्समध्ये रेनॉल्ट कंपनीतल्या पिएर बेझिए नावाच्या इंजिनिअरने साठच्या दशकात गाड्यांच्या बॉडीचे आकार काढायला ती वापरली, पण त्याच्याही आधी १९५९ मध्ये सित्रोएन कंपनीतल्या पॉल द कास्तेल्जो याने तेच गणित मांडलं होतं आणि कंपनीने ते गुपचूप दाबून ठेवलं. नाव गेलं बेझिएला. म्हणजे बघा, ओपन फाईल बाहेर न देण्याची पद्धत काही नारायण पेठेतल्या डीटीपीवाल्याने शोधलेली नाहीये, उगाच त्या बिचाऱ्याला नावं ठेवू नका.

आता कृतीकडे वळू. कोरलमध्ये सगळं सिलेक्ट करा, वर बिटमॅप्सचा मेनू आहे तिथे कन्व्हर्ट टू बिटमॅप. एक छोटी खिडकी उघडेल, त्यात रिझोल्यूशन, कलर मोड, अँटी-अलायसिंग, ट्रान्सपरंट बॅकग्राऊंड असले प्रश्न विचारलेले असतात. ते वाचायचे नाहीत. ओके. ज्यांच्याकडे कोरल नाही त्यांनी इंकस्केप घ्या, फुकट आहे, ते न विचारता स्वतःहूनच ९६ डीपीआय, म्हणजे एका इंचात ९६ ठिपके, धरून बसलेलं असतं, त्याच्या मनाविरुद्ध कशाला जा.

तरी कुणी डीपीआयचं विचारलंच तर आपल्याकडे दोनच आकडे पाठ असावेत, ७२ आणि ३००, आणि ते नेमके उलट्या जागी वापरावेत. निमंत्रण पत्रिका, जी माणूस हातात धरून नाकासमोर आणून वाचणारे, ती ७२ ला काढा. ए-फोरचा कागद ७२ ला ५९५ बाय ८४२ पिक्सेलचा होतो, ३०० ला तोच २४८० बाय ३५०८, म्हणजे जवळजवळ सतरापट ठिपके तुम्ही एका झटक्यात वाचवले, केवढी बचत. आणि चौकातला दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स, जो लोक सिग्नलला पलीकडच्या बाजूने बघणार, तो मात्र ३०० लाच पाहिजे असं निक्षून सांगा. त्याचा हिशोब होतो ७२,००० बाय ३६,०००, म्हणजे २५९ कोटींच्या वर पिक्सेल, सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या हिशोबात, दर पिक्सेलला चार बाइट धरले की दहा जीबीच्या पुढे. जेपीजीत तर ते मावतही नाही, तिथे एका बाजूला ६५,५३५ च्या वर पिक्सेल चालतच नाहीत. मशीन हँग होईल, फ्लेक्सवाला म्हणेल अहो साहेब फ्लेक्सला ७२ पण खूप झालं, लांबनं बघायचंय ना. तेव्हा त्याच्याकडे असं बघायचं की याला क्वालिटीतलं काय कळतंय.

आणि ७२ ला काढून झाल्यावर कुणी बोंब मारलीच की फाटतंय, तर फोटोशॉपमध्ये इमेज साइजमध्ये जाऊन ७२ खोडा आणि तिथे ३०० टाइप करा. झालं हाय रेझोल्यूशन. सॉफ्टवेअर मधले ठिपके अंदाजपंचे भरतं, कडा जरा आणखी गुळगुळीत आणि भोंगळ होतात, पण आकडा ३०० दिसतो ना, मग. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे फाईल डोळ्यांनी तपासतच नाहीत, प्रॉपर्टीज उघडून तपासतात.

मराठी मजकुराचं काय, तर इथे मात्र तुमच्याकडे खरोखरचं कारण आहे आणि ते पुरेपूर वापरा. मजकूर जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो, फाईल दुसऱ्या मशीनवर गेली आणि तिथे तो फॉन्ट नसला की 'सस्नेह निमंत्रण'च्या जागी रोमन अक्षरं, डॉलर आणि टक्क्याची चिन्हं उगवतात. शिवाय कोरलची नव्या व्हर्जनची फाईल जुन्यात उघडत नाही ते वेगळंच, फोनवर निम्मा वेळ 'दादा लोअर व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठव ना' यातच जातो. एखादा दीडशहाणा सांगेल की अरे मग अक्षरं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू मार, कर्व्ह होतील, फॉन्ट लागणारच नाही आणि धार पण राहील, किंवा फॉन्ट एम्बेड करून पीडीएफ दे. अशा माणसाला कटिंग पाजून वाटेला लावा. सगळं पान एकदम बिटमॅप, फोटोसकट, आठ पॉइंटच्या देणगीदारांच्या यादीसकट. छपाईची प्लेट काढणारं मशीन साधारण २४०० डीपीआयला रेघ ओढू शकतं म्हणे, ओढू दे की, आपण त्याला ठिपके दिलेत, ओढून ओढून काय ओढेल.

कलर मोड आरजीबी, म्हणजे स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा. का, तर स्क्रीनवर झकास दिसतं म्हणून. यात आणखी एक मजा आहे. साध्या काळ्या अक्षराला खरं तर एकच काळी शाई पुरते, पण आरजीबीतला काळा छपाईला जाताना निळा, गुलाबी, पिवळा, काळा अशा चारही शायांचा मिळून बनतो, मग चार प्लेट, आणि कागद केसभर जरी सरकला की प्रत्येक देणगीदाराच्या नावाला गुलाबी सावली. अहवाल हातात आल्यावर काका चष्मा काढून पुसतात, परत लावतात, परत पुसतात. यादीतलं एखादं नाव चुकलं असेल तर मूळ मजकूर आता नाहीच आहे, तेव्हा त्यावर पांढरा चौकोन टाकायचा आणि वर दुसऱ्याच फॉन्टमध्ये बरोबर नाव टाइप करायचं, म्हणजे त्या देणगीदाराला आपली खास दखल घेतल्यासारखं वाटतं.

फॉरमॅट अर्थातच जेपीजी. हा १९९२ चा स्टँडर्ड आहे आणि तो फोटोसाठी बनवलाय, चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करून बारीकसारीक तपशील गाळतो, आकाशाच्या आणि चेहऱ्यांच्या फोटोत ते कळत नाही, पण पांढऱ्यावर लाल अक्षर असलं की अक्षराभोवती डास घोंगावल्यासारखी घाण दिसायला लागते. म्हणूनच लोगोला जेपीजी. दुसरं म्हणजे जेपीजीत पारदर्शक असं काही नसतंच, त्यामुळे भगव्या फ्लेक्सवर लोगो ठेवला की त्याच्या मागे एक पांढराशुभ्र चौकोन येतो. वाढदिवसाच्या कुठल्याही फ्लेक्सवर बघा, भावी नगरसेवकांच्या डोक्यावर पक्षाचं चिन्ह असंच पांढऱ्या पाटीवर बसलेलं असतं. कुणी पारदर्शक चालतं म्हणून पीएनजीच काढा असा आग्रह धरला तर काढा, पण आधी पांढऱ्यावर फ्लॅटन करून मग मागचं पांढरं फोटोशॉपच्या जादूच्या कांडीने (मॅजिक वाँड) खोडून, म्हणजे कडेला ती अर्धवट पांढरी किनार उरते, काळ्या टी-शर्टवर तर फारच खुलून दिसते.

आता फाईल द्यायची कशी. व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि डॉक्युमेंट म्हणून नाही, फोटो म्हणूनच, तो जाताजाता आणखी दाबला जातो. अध्यक्षांनी तो ग्रुपवर टाकायचा, खजिनदारांनी त्याचा स्क्रीनशॉट काढायचा, वरची बॅटरी आणि नेटवर्कची पट्टी क्रॉप करताना लोगोची थोडी कड जाऊ द्यायची, आणि मग तोच लोगो म्हणून कायम फिरवायचा. दोनेक गणपती झाले की तो दोनशे पिक्सेलवर येतो. दोनशे पिक्सेल वीस फुटांवर ताणले की एकेक पिक्सेल तीन सेंटिमीटरचा होतो, आंबा बर्फीच्या वडीएवढा, मोजून बघा. कुणी अगदीच मागे लागलं की व्हेक्टरच, म्हणजे रेघांचीच फाईल पाहिजे, तर हाच जेपीजी कोरलमध्ये इम्पोर्ट करायचा, पीडीएफ म्हणून एक्स्पोर्ट करायचा आणि नाव द्यायचं लोगो व्हेक्टर ओरिजिनल. पीडीएफ आहे म्हटल्यावर समोरचा शांत होतो. झूम करून कोण बघतंय.

मूळ फाईल डिलीट करायची गरज नाही, तो फार आततायीपणा झाला आणि रिसायकल बिनमधून ती परत यायची भीती असते. त्यापेक्षा बिटमॅप केल्याकेल्या कंट्रोल एस दाबा आणि प्रोग्राम बंद करा. केलेलं मागे घ्यायची, म्हणजे अनडूची सोय पण संपली, फाईल जागच्या जागी, एक्स्टेन्शन पण कोरलचं सीडीआरच. नंतर उघडणाऱ्याला आत एकच सपाट चौकोन सापडतो. यात डिझायनर लोकांचा पण फायदाय, खोटं कशाला बोलायचं, ओपन फाईलचे पैसे वेगळे असतात आणि द्यायला ती नसली की गिऱ्हाईक दर श्रावणात त्याच पायऱ्या चढून येतं. गिऱ्हाईक पण काही कमी नाही, लोगोला पैसे द्यायचे म्हटलं की हजारावरनं घासाघीस आणि ढोलांची पानं मात्र न विचारता नवी.

खरी परीक्षा रेडियमवाल्याकडे. पथकाला ढोलांवर आणि टेम्पोच्या काचेवर लोगो कापून लावायचा असतो, आणि त्याच्या प्लॉटरचं पातं फक्त रेघेवरनं चालतं, ठिपक्यांवरनं त्याला जायचं कुठे तेच कळत नाही. तो म्हणेल, ‘दादा, हे जेपीजी आहे, कटिंगला नाय चालत, कोरलची फाईल द्या.’ तुम्ही म्हणायचं, ‘हीच आहे, करा काहीतरी.’ तो ठिपक्यांवरनं आपोआप रेघा काढणारा ऑटो ट्रेस मारेल, ट्रेस त्या डासांच्या पण रेघा करेल, ढोलाचा गोल बटाट्यासारखा येईल, आणि 'ताशा'तल्या शचं पोट भरून जाईल. पोरांना वर्षभर त्या भरलेल्या शखाली वाजवायला लागेल पण वाजवताना खाली कोण बघतं.

मग पथकात कुठलंतरी डिझाईन शिकणारं पोरगं असतंच. ते म्हणेल मी परत काढून देतो. जुना फोटो खाली ठेवून, वर एकेक बिंदू टाकत, वळणाचे हँडल ओढत, रात्री सरावावरनं घरी गेल्यावर जागून ते सगळा लोगो रेघेरेघेने परत काढेल, आणि मूळच्यापेक्षा चांगला काढेल. एसव्हीजी, पीडीएफ, सीडीआर सगळं एका फोल्डरमध्ये घालून लिंक पाठवेल. तेव्हा त्याला ग्रुपवर एक अंगठा द्यायचा आणि खाली लिहायचं, भावा लय भारी, फक्त तेवढं जेपीजी टाक, आमच्या मोबाईलमध्ये हे उघडत नाहीये.