मागची बाजू कोरीच होती म्हणे

"अरे, मागची बाजू कोरीच होती की!"

आई परवा हे ज्या थंडपणे म्हणाली ना, त्यावर माणसाने करायचं काय? ओट्यावर कार्ट्रिज पेपर पसरलेला, त्यावर गरम चकल्या निथळताहेत, आणि मी कोपरा उचलून बघतो तर खाली माझी मंडई! महात्मा फुले मंडई, पुणे. सेकंड इयरला असताना ओळीने चार रविवार पहाटे सायकल हाणत जाऊन चारकोलने काढलेली. हाफ इंपीरियल, 15 बाय 22 इंच. चारकोल टिपून घेणारा मऊ पुट्टी रबर परवडत नव्हता म्हणून पावाच्या मऊ गोळ्या करकरून उजेड काढला होता त्यात. तो पाव त्या वेळी माझा नाश्ता असायचा, हे जाता जाता.

वर्तमानपत्र का नाही घेतलं? तर शाई पोटात जाते, असं व्हॉट्सॲपवर आलंय. म्हणून माळ्यावरची माझी फाइल उतरवली. "किती जाड कागद रे, तेल कसं छान पितो!" पिणारच. अख्ख्या महिन्याचा चहा तोडून आणलेला कागद आहे तो, तहानलेलाच असणार.

थांबा, कहर पुढेच आहे. चारकोल कागदावर पक्का बसवणाऱ्या फिक्सेटिव्हच्या बाटलीला पैसे नव्हते, ताईचा हेअरस्प्रे तिच्या नकळत मारला होता, म्हणजे अर्थात जपून, दोन फुसफुस. त्यामुळे मंडईचा कोळसा खाली ओट्याला लागला. आणि आई चिडली. माझ्यावर! "दिवाळीच्या तोंडावर ओटा काळा केलास बघ. आता हे घासत कोण बसणार?" मी केला? मी ऑफिसात होतो! तरी शेवटी सॉरी कोण म्हणालं? मी. ओटा कोणी घासला? मीच.

या घरात, या खानदानात, माझ्या चित्रकलेचा उपयोग कायम हाच. अकरावीत सगळ्या वर्गाच्या जर्नलमध्ये झुरळाची पचनसंस्था मी काढली. मार्क त्यांना, आणि अक्षर वाईट म्हणून माझंच जर्नल परत. लग्न कोणाचंही असो, थर्माकोलवर नावं कापायला मी. 2018 मध्ये सरकारने थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा पर्यावरणवाल्यांपेक्षा जास्त आनंद मला झाला होता. पाहुणे आले की "आमचं काढ ना पाच मिनिटांत." काढलं की "नाक असं आहे का माझं?" हो, आहे. आणि सगळ्यात डोक्यात जाणारं कौतुक म्हणजे "डिट्टो फोटो!" मग फोटोच काढा ना. हल्ली तर तेही नाही, भाचा मोबाईलवर सेल्फीचं "पेन्सिल स्केच" करतो तीन सेकंदांत आणि मला पाठवतो, खाली डोळा मारणारा इमोजी. त्याच कार्ट्याला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड आली तर दहावीला सात मार्क वाढून मिळणार. माझ्या ए ग्रेडचं सर्टिफिकेट? त्याच फाइलमध्ये आहे. बहुतेक शेवेखाली.

तर रात्री सगळे झोपल्यावर मंडई घेऊन दिव्याखाली बसलो. म्हटलं, डागडुजी होते का बघू. तेलाने कागद जागोजागी पारदर्शक झालाय, मनोऱ्यावर चकल्यांची वेटोळी. बघत बसलो आणि हळूहळू घाम फुटला.

मनोरा अष्टकोनी आहे. एका जागी उभं राहून अष्टकोनाच्या फार तर चार बाजू दिसतात. मी पाच काढल्यात. इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, ड्रॉइंगला डिस्टिंक्शन, समोर 1886 सालची दणदणीत दगडी इमारत, चार रविवार डोळे फाडून बघितलेली, आणि पाच बाजू. चार रविवार चार जागी बसलो असणार, दुसरं काय.

बरं, माणसं. भाजी विकणारी, घेणारी, हमाल, मिळून अकरा जण. एकाचाही हात दिसत नाही. कोणाचे खिशात, कोणाचे पाठीमागे, एका मावशींचे तर थेट कोथिंबिरीच्या ढिगात. हात यायचेच नाहीत मला. अख्ख्या मंडईत कोणी कोणाला सुट्टे देऊ शकत नाही अशी अवस्था. आणि हे चित्र मी त्या काळी फ्रेम करायला निघालो होतो! तेव्हा केटी लागलेली, म्हणजे विषय राहिलेला. बाबा म्हणाले होते, "आधी केटी सोडव." त्यावरून मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

सकाळी आई हळूच म्हणाली, "राग गेला का? अनारशांना कागद लागेल रे अजून."

फाइल आता माझ्या कपाटात आहे, कुलपात. मंडई तेवढी बाहेर ठेवली.