नगर रचनाकारांच्या संघटनेने आधी काय मागावे?

राज्याच्या नगर रचना सेवेतून निवृत्त झाल्यानंतरही अधिकारी संघटनेची निवेदने माझ्यापर्यंत पोहोचतात. त्यांतील मागण्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो: वेतनश्रेणी, पदोन्नती, रिक्त पदे आणि सर्वांत शेवटी ‘व्यावसायिक विषय’. यांपैकी एकही मागणी गैर नाही, माझा आक्षेप क्रमाला आहे. नगर रचनाकाराचे तांत्रिक मत लेखी नोंदवले जावे आणि ते नागरिकांना वाचता यावे, ही मागणी यादीत सर्वांत वर हवी.

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियमानुसार प्रारूप विकास योजना, म्हणजे शहरातील जमिनीचा पुढचा वापर ठरवणारा कच्चा आराखडा, कलम २६ खाली प्रसिद्ध होते आणि तिच्यावर हरकती-सूचना मागवल्या जातात. त्यांची सुनावणी कलम २८ ची नियोजन समिती घेते. या समितीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगर रचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त ४ जाणकार असतात. पुढे नियोजन प्राधिकरण (बहुधा महापालिका किंवा नगरपालिका) योजनेत फेरबदल करते, ती शासनाकडे जाते, आणि मंजूर होताना काही भाग ‘ईपी’ (एक्स्क्लुडेड पोर्शन) म्हणून वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. थोडक्यात, पहिला नकाशा ज्याने आखला त्याच्या हातून सुटल्यावर तो तीन-चार वेळा बदलतो.

समितीच्या अहवालातला तक्ता ज्यांनी हाताळला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. हरकतदाराचे नाव, गट क्रमांक, आरक्षण (म्हणजे क्रीडांगणासारख्या सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) क्रमांक, हरकतीचा गोषवारा आणि शिफारस असे त्याचे रकाने. गोषवारा अर्धे पान व्यापतो: जमीन वडिलोपार्जित आहे, कुटुंबाकडे दुसरी नाही, पलीकडे सरकारी जागा मोकळी पडली आहे, आरक्षण तिथे हलवा. शिफारशीच्या रकान्यात मात्र ‘मान्य’ एवढा एकच शब्द. मूळ जागा का निवडली होती, नवी जागा नाल्याकाठी असूनही क्रीडांगणाला कशी चालेल, आसपासच्या लोकसंख्येचा हिशेब कोणी केला, यांविषयी एक ओळही नसते. पुढे कोणी माहिती अधिकारात विचारणा केली, की उत्तर देण्याची वेळ नगर रचनाकारावर येते, आणि त्याने विरोधात दिलेले मत बहुतेक वेळा तोंडीच राहिलेले असते.

मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि एप्रिलमध्ये तो नव्याने करण्याचे आदेश निघाले. त्याच वर्षी पुण्याच्या जुन्या हद्दीची योजना महापालिकेकडून काढून शासनाने त्रिसदस्यीय समितीकडे सोपवली. त्या गदारोळात शासकीय नगर रचनाकारांच्या वतीने कोणी जाहीर तांत्रिक भूमिका मांडल्याचे मला आठवत नाही. सेवाशर्तींमुळे एकट्या अधिकाऱ्याला बोलता येत नाही, हे मान्य. संघटना असते ती नेमकी यासाठीच. प्रत्येक बदलासोबत नगर रचनाकाराची सही असलेली कारणांची टिप्पणी संकेतस्थळावर प्रसिद्ध व्हावी, आणि योजनेचे काम चालू असताना विशेष घटकातील (योजना तयार करण्यासाठी नेमलेल्या पथकातील) अधिकाऱ्याची अधेमधे बदली होऊ नये, या दोन गोष्टी तिने लावून धराव्यात.

मनुष्यबळाचा प्रश्न खरा आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने देशातील राज्यांच्या नगर नियोजन विभागांना नगर रचनाकारांची १२,००० हून अधिक पदे लागतील असे म्हटले. प्रत्यक्षात मंजूर पदे ४,००० पेक्षा कमी आणि त्यांतीलही निम्मी रिक्त होती. पण डिसेंबर २०२० मध्ये बांधकामाचे नियम एकसारखे करणारी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आल्यानंतरही अधिकाऱ्याचा दिवस बांधकाम परवानग्या, झोन दाखले आणि अभिप्राय यांतच जात असेल, तर वाढलेली पदेही तिथेच खर्ची पडतील. म्हणून मागताना नियोजनासाठी किती आणि परवानगीसाठी किती, अशी पदांची फोड करूनच मागावे.

सर्वांत दुर्लक्षित राहिलेला विषय नगर रचना परियोजनांचा, म्हणजे टीपी स्कीमचा आहे. यात मालकांच्या जमिनी एकत्र करून रस्ते आणि सार्वजनिक जागा काढतात आणि उरलेले भूखंड नव्याने आखून मालकांना परत देतात. १९१५ च्या मुंबई नगर रचना कायद्याने हे साधन दिले. सांताक्रूझ, विलेपार्ले येथील रस्त्यांची आखणी त्यातूनच झाली. राज्ये वेगळी झाल्यावर गुजरातने ते सोडले नाही, आणि अहमदाबादच्या विस्तारात त्याचा परिणाम दिसतो. आपण मात्र आरक्षणांवर विसंबलो. योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. नगरपालिकेकडे पैसा नसतो, हे योजना आखतानाही ठाऊकच असते. तरीही अंतिम भूखंडांची आखणी, मूल्यांकन आणि लवादाचे काम सफाईने करणारे अधिकारी आज किती आहेत? सेवेत सिव्हिल इंजिनिअर मोठ्या संख्येने येतात, मीही त्यांतलाच, आणि हे काम पदवीच्या वर्गात शिकवले जात नाही. संघटनेने शासनाची वाट न पाहता निवृत्तांना हाताशी धरून याचे वर्ग सुरू करावेत. मी यायला तयार आहे.

पदोन्नती आणि वेतनश्रेणीचा पाठपुरावा चालूच राहील, त्यासाठी कार्यकारिणीत अनुभवी माणसे आहेत. येत्या सर्वसाधारण सभेत मात्र कारणांच्या टिप्पणीचा ठराव पहिल्या क्रमांकावर घ्यावा. मसुदा मी लिहून देतो.