हत्ती डोलतोय म्हणजे खूश आहे? नाही ओ, जरा थांबा

सध्या एक फॉरवर्ड लई फिरायलाय. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या सगळ्या ग्रुपवर येऊन गेलाय. त्यात म्हटलंय की हत्ती हजारो वर्षं माणसाजवळ राहिलेला पाळीव प्राणी, म्हैसूरच्या दसऱ्यात 750 किलोची अंबारी उचलतो तर चार टुरिस्ट त्याला काय जड, उभ्या उभ्या डोलतोय म्हणजे खूश आहे, जंगलात सोडला तर करंट लागून मरेल, आणि राइड बंद केली तर माहुताच्या पोटावर पाय. 2025 च्या जुलैत नांदणीच्या जैन मठातल्या माधुरी हत्तिणीला गुजरातेतल्या वनतारा या प्राणी केंद्रात नेल्यापासून आपल्याकडं लोकांच्या मनात कळ आहे, माझ्या सासुरवाडीची माणसं रडलेली मी बघितलो, आणि त्या कळीवरच हा मेसेज चाललाय. पण मठातल्या हत्तिणीवरची माया आणि तिकीट काढून पाठीवर बसायचा धंदा, हे दोन एकात कालवू नका. मी इथं धंद्याबद्दलच बोलतोय.

पाळीव म्हणाल तर गाय, म्हैस, घोडा. यांना माणसानं पिढ्यान् पिढ्या निवडून पैदास करून गरीब केलं. हत्तीचं तसं कधी झालंच नाही, कारण हत्तीण 22 महिने गाभण असते, मग पिल्लू वर्षानुवर्षं दूध पितं, एवढं थांबायला कुठल्या राजाला वेळ होता? त्यापेक्षा जंगलातनं धरून आणणं स्वस्त. आपल्याच कर्नाटकात काकनकोटेला खेडा लावून, म्हणजे हाकारून कुंपणात कोंडून, कळपच्या कळप धरायचे, शेवटचा खेडा 1971 साली झाला. म्हणजे आज राइडला दिसणारा हत्ती एकतर स्वतः जंगलातनं धरलेला, नाहीतर अशाच धरून आणलेल्या हत्तिणीच्या वंशातला. धरल्यावर त्याला क्रॉलमध्ये, म्हणजे लाकडी ओंडक्यांच्या पिंजऱ्यात कोंडून, पाय बांधून, उपाशी ठेवून, अंकुश टोचून हार मानेपर्यंत सोडत नाहीत. जे आपल्याला गरीब स्वभाव वाटतं ते हे आहे.

अंबारीचं उदाहरण तर उलटं पडतंय बगा. दसऱ्याच्या हत्तीला आधी कित्येक दिवस वाळूच्या पोत्यांनी हळूहळू वजनाची सवय लावतात, राजवाड्यापासून बन्नीमंटपापर्यंत पाचेक किलोमीटर चालतो, ते पण वर्षातनं एकदा, बाकीचे दिवस जंगलातल्या कॅम्पात. आणि साठी झाली की अंबारी दुसऱ्याकडं जाते, 2020 ला अर्जुनकडनं अभिमन्यूकडं गेली ती त्याच कारणानं. राइडच्या हत्तीला कोण साठीला सुट्टी देतंय? सकाळपासनं संध्याकाळपर्यंत एक फॅमिली उतरली की दुसरी. त्यात हत्तीच्या पाठीच्या मणक्यांची हाडं वर टोकदार आलेली असतात, घोड्यासारखी पाठ नाही ती, हौदा त्या टोकांवर बसतो आणि वजन पण तिथंच.

आता डोलण्याचं. हे मी डोळ्यानं बघितलोय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चोर्ला घाटानं गोव्याला गेलतो, फोंड्याच्या बाजूला एका मसाल्याच्या बागेत. सुपारीच्या झाडाखाली हत्तीण उभी होती, पुढच्या एका आणि मागच्या एका पायाला साखळी. डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं. माझी पुतणी खूश, म्हणाली काका ती नाचायलीय. आम्ही जेवून आलो तरी तेच, त्याच ठेक्यात, पायाखालची माती दोन ठिकाणी वाटीसारखी खोल गेलेली. हौदा जागेवर राहावा म्हणून एक दोर शेपटीखालनं घेतलेला, तिथली कातडी गुलाबी झालेली, वर माशा. कान झाडायची पण डोलणं थांबत नव्हतं. जंगलातला हत्ती दिवसाचे बहुतेक तास चालत, चरत असतो, सोबत आई, मावशा, बहिणी. एकट्याला चार हात साखळीवर बांधला की चालायची ओढ कुठं जाणार, ती अशी डोलण्यात निघते. पिंजऱ्यातला वाघ फेऱ्या मारतो ना, त्यातलाच प्रकार. पुतणीला हे सांगितलो तर ती गप्प झाली आणि नंतर राइड नको म्हणाली.

आजाराचं पण ऐका. जयपूरच्या आमेर किल्ल्यावर टुरिस्ट वाहणाऱ्या हत्तींची 2018 साली तपासणी झाली, 91 हत्तींच्या टीबीच्या टेस्टमध्ये 10 पॉझिटिव्ह निघाले. टीबी माणसाकडनं हत्तीला आणि हत्तीकडनं माणसाला, दोन्हीकडनं लागतो. आणि आपण त्याच्या सोंडेला पोरांचे हात लावतोय.

जंगलात मरतात, हे खोटं नाही. खानापूरकडच्या, चंदगडच्या शेतकऱ्याला टस्कर, म्हणजे सुळेवाला हत्ती, काय करतो ते विचारा, उसात शिरला की रात्रभर झोप नाही, आणि कुंपणात करंट सोडल्यामुळं हत्ती मरतातही. त्याला इलाज हत्तींच्या जायच्या-यायच्या वाटा मोकळ्या ठेवणं आणि नुकसानभरपाई वेळेत देणं हा आहे. धरून ठेवला की वाचतो असंही नाही. 2015 ला सिंधुदुर्गात माणगाव खोऱ्यातनं तीन हत्ती धरले, त्यातले दोन काही महिन्यांतच कॅम्पात मेले.

माहुताचा मुद्दा मात्र मला पटतो, अर्धा. त्याचा पगार तुटपुंजा, राहणं हत्तीशेजारीच पत्र्याखाली, आणि उद्या हत्ती बिथरला तर पहिला जीव त्याचा. पण हौदा काढला म्हणून माहूत बेकार होत नाही ओ. हत्ती साठ-सत्तर वर्षं जगतो, रोज शंभर-दीडशे किलो चारा, अंघोळ, नखं कापणं, औषध, हे कोण करणार? लांबनं हत्ती चरताना, पाण्यात लोळताना बघायचं तिकीट लावा, तेवढेच पैसे मी देतो.

आणि राइडसाठी हत्ती ठेवायचा तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं रजिस्ट्रेशन लागतं. त्या बागेतल्या काउंटरवर मी ते दाखवा म्हणालो. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, बसायचं असेल तर बसा, नाहीतर मागं लाइन आहे." खरंच लाइन होती, त्यातल्या तीन गाड्या आपल्या केए 22 च्या, बेळगाव पासिंगच्या.